सरदाराचे मन, शिपायांचे अर्ज

‘द एल्डर स्क्रोल्स ५ : स्कायरिम’ हा बेथेस्डा गेम स्टुडिओज या अमेरिकी संस्थेचा व्हिडिओ गेम ११ नोव्हेंबर २०११ रोजी प्रसिद्ध झाला आणि त्यातील यादवी युद्धात बाजू बंडखोरांची खरी की साम्राज्याची, या प्रश्नावर खेळाडूंचे तेव्हापासून एकमत झालेले नाही. हा भूमिकाप्रधान खेळ आहे, म्हणजे खेळाडू त्यात एका पात्राचे आयुष्य जगतो, वाटेल तेथे हिंडतो, वाटेल त्याच्याशी बोलतो आणि आपल्या निर्णयांचे परिणाम भोगतो. त्यामुळे बंडाला साथ द्यायची की ते मोडायचे हे ठरवण्याची वेळ त्याच्यावर येऊ शकते, आणि ठरवून झाल्यावर त्याचे समर्थन करण्याचीही. बंडखोर धर्मासाठी लढतात, स्वातंत्र्यासाठी लढतात, वंशाभिमानापोटी लढतात की एका महत्त्वाकांक्षी सरदाराच्या सिंहासनासाठी लढतात, अशा चार रुळांवरून हा वाद धावतो. तो पोरकट मानून बाजूला सारण्याचे कारण नाही, कारण दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या जिल्ह्यांत १८५७ साली शिपायांचा जो उठाव झाला त्याविषयी इतिहासकार दीडशेहून अधिक वर्षे जवळपास याच चार उत्तरांभोवती भांडत आले आहेत.

खेळाची कथा टॅम्रिएल नावाच्या काल्पनिक खंडातील स्कायरिम या उत्तरेकडच्या थंड प्रदेशात घडते. कथेच्या सुमारे पाव शतक आधी मानवांचे साम्राज्य आणि थाल्मोर यांच्यात महायुद्ध झाले. थाल्मोर हा एल्फ लोकांचा, म्हणजे टोकदार कानांच्या व दीर्घायुषी मानवसदृश जमातीचा, सत्ताधारी पक्ष होय. साम्राज्याने राजधानी परत मिळवली खरी, पण सैन्य इतके खचले होते की बादशहाने ‘व्हाइट-गोल्ड’ नावाच्या करारावर सही केली आणि टालोसच्या उपासनेवरील बंदी मान्य केली. टालोस म्हणजे साम्राज्याचा संस्थापकच, मृत्यूनंतर देवपदाला पोचलेला. म्हणजे साम्राज्याने शत्रूच्या सांगण्यावरून आपल्याच मूळ पुरुषाची पूजा गुन्हा ठरवली. विंडहेल्म या शहराचा यार्ल, म्हणजे प्रांताधिपती, उल्फ्रिक स्टॉर्मक्लोक याने त्याविरुद्ध बंड उभारले आणि तरुण महाराजा टोरिग याला द्वंद्वात ठार मारले. हे द्वंद्व रीतीला धरून होते की तो निव्वळ खून होता, याविषयी खेळातील पात्रेच दोन तोंडांनी बोलतात.

बंडखोरांचे समर्थक म्हणतात की ज्या राज्याला आपल्या प्रजेचा देव राखता येत नाही त्याला प्रजेकडून निष्ठा मागता येत नाही. साम्राज्याचे समर्थक म्हणतात की करार हा केवळ दम घेण्यासाठी होता, घरोघर पूजा चालूच होती, पुढील युद्धासाठी एकजूट हवी असताना घरात फूट पाडणारा माणूस शत्रूचेच काम करतो. याला पुरावा म्हणून साम्राज्याची अधिकारी लेगेट रिक्के हिच्याकडे बोट दाखवले जाते, कारण बंड मोडल्याच्या क्षणी तिच्या तोंडी टालोसचेच नाव येते. तिसरा पक्ष विंडहेल्मच्या गल्ल्यांकडे लक्ष वेधतो : तेथे निर्वासित होऊन आलेल्या डार्क एल्फ लोकांना एका कळकट वस्तीत कोंबलेले आहे, सरड्यासारख्या दिसणाऱ्या आर्गोनियन हमालांना तर तटाच्या आत राहण्याचीही मुभा नाही, आणि खेळाडू वेशीतून आत शिरतो तोच एक दारुडा एका डार्क एल्फ बाईला हेर ठरवून धमकावत असलेला दिसतो. स्वातंत्र्याची भाषा बोलणाऱ्याच्या स्वतःच्या शहरात कोणाला किती स्वातंत्र्य आहे, हा या पक्षाचा सवाल आहे, आणि तो बिनतोड आहे.

वादाला खरी धार येते ती एका कागदाने. थाल्मोरच्या वकिलातीत चोरून शिरल्यावर उल्फ्रिकवरील एक गोपनीय टिपण हाती लागते; त्यानुसार महायुद्धात तो कैद झाला होता, चौकशीत त्याने दिलेल्या माहितीमुळे राजधानी पडली असा खोटा समज त्याच्या मनात भरवण्यात आला, आणि त्याचे बंड थाल्मोरला सोयीचे असले तरी त्याचा संपूर्ण विजय मात्र त्यांना नको आहे, कारण युद्ध रेंगाळत राहण्यातच त्यांचा लाभ आहे. एक पक्ष या टिपणावरून उल्फ्रिकला शत्रूचे बाहुले ठरवतो, तर दुसरा त्याच टिपणातून तो हाताबाहेर गेला होता असे दाखवतो. हा कागद शत्रूच्या कचेरीत, शत्रूच्या वरिष्ठांना खूश करण्यासाठी लिहिलेला आहे, ही बाब दोन्ही पक्षांच्या नजरेतून बहुधा निसटते; हेरखात्याला आपला हात सर्वत्र पोचलेला दाखवण्याची हौस असते, आणि काल्पनिक हेरखाते त्याला अपवाद असण्याचे कारण नाही. त्याहून मोठी उणीव अशी की सगळा वाद एका माणसाच्या मनाचा तळ शोधण्यात गुंतलेला राहतो. सरदाराचा हेतू कळला की बंडाचा हेतू कळला, असे त्यात गृहीत धरलेले आहे.

आता १८५७ कडे वळू. ज्या प्रदेशाला आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्र किंवा नुसते एनसीआर म्हटले जाते, त्यात दिल्लीसह मेरठ, गौतम बुद्ध नगर, फरीदाबाद, झज्जर, रेवाडी असे उत्तर प्रदेश, हरियाणा व राजस्थानातील जिल्हे येतात, आणि हा नकाशा १८५७ च्या उन्हाळ्यातील दिल्लीभोवतीच्या रणभूमीवर बराचसा चपखल बसतो. दिल्लीच्या उत्तरेकडील टेकडीवर, जिला रिज म्हणतात, इंग्रजांनी १८६३ साली आपल्या मृत सैनिकांसाठी तांबड्या दगडाचा अष्टकोनी मनोरा उभारला. स्वातंत्र्यानंतर पाव शतकाने, १९७२ साली, त्याचे नाव अजितगढ असे बदलून तेथे एक नवा फलक बसवण्यात आला. मूळ लेखात ज्यांना शत्रू म्हटले आहे ते परकीय राजवटीविरुद्ध उठलेले आणि देशाच्या मुक्तीसाठी शौर्याने लढलेले लोक होते, असा खुलासा त्यावर आहे. जुना मजकूर पुसला नाही, त्याच्या शेजारी दुसरा लावला. सरकारी कारभारात क्वचितच आढळणारे हे शहाणपण आहे. मात्र नवा फलकही जुन्याप्रमाणेच सर्व बंडखोरांना एकच हेतू बहाल करतो.

हेतूंची गुंतागुंत पहिल्याच ठिणगीत दिसते. २४ एप्रिल १८५७ रोजी मेरठच्या छावणीत तिसऱ्या हलक्या घोडदळाच्या निवडक ९० स्वारांना कवायतीसाठी काडतुसे देण्यात आली आणि त्यांपैकी ८५ जणांनी ती घेण्याचे नाकारले. गायीच्या व डुकराच्या चरबीची वदंता नव्या एनफील्ड बंदुकीच्या काडतुसांविषयी होती. मेरठला त्या दिवशी पुढे केलेली काडतुसे मात्र जुनी, नेहमीच्या वापरातलीच होती, आणि ती दातांनी तोडायचीही नव्हती, हातांनी फाडायची होती. लष्करी न्यायालयाने यावरून धर्माचे कारण ही सबब असल्याचे मानले आणि बहुतेकांना दहा वर्षांची सक्तमजुरी ठोठावली. इंग्रज अधिकाऱ्यांना न कळलेली गोष्ट अशी की काडतुसाला खरोखर चरबी होती की नव्हती हा शिपायापुढचा प्रश्नच नव्हता. ते हातात घेतल्याची बातमी गावी पोचली तर पंगतीत पान मांडले जाईल का, हुक्क्याला जागा मिळेल का, हा त्याचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर दारूगोळ्याच्या कोठारात सापडणारे नव्हते. ९ मे रोजी या स्वारांना सर्व पलटणींसमोर बेड्या ठोकण्यात आल्या. दुसऱ्या दिवशी, रविवारी, छावणी उठली, आणि ११ मेच्या सकाळी मेरठचे स्वार यमुनेवरचा नावांचा पूल ओलांडून लाल किल्ल्याखाली हजर झाले.

येथे खेळ आणि इतिहास यांच्या वाटा उलट दिशांना जातात. स्कायरिममधील बंडखोर दुबळ्या झालेल्या बादशहाला झुगारून देतात; मेरठचे शिपाई तशाच दुबळ्या बादशहाच्या दारात गेले. १८०३ साली पटपडगंजच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेचा पराभव करून इंग्रजांनी दिल्ली घेतली, तेव्हापासून मोगल बादशहा ईस्ट इंडिया कंपनीचा पेन्शनर होता, आणि ऐंशी ओलांडलेल्या बहादुरशहा जफरच्या मागे बादशाही पदवीही चालू ठेवायची नाही असे इंग्रजांनी ठरवून टाकले होते. शिपायांना त्याचे शौर्य नको होते, ते त्याच्याकडे नव्हतेच. त्यांना हुकमावर उमटवण्यासाठी एक मोहोर हवी होती. गमावलेल्या वस्तूचे तेज दुरून अधिक दिसते हे यामागचे एक कारण म्हणता येईल, पण व्यवहारी कारण असे की वेगवेगळ्या पलटणींतल्या, वेगवेगळ्या जातिधर्मांच्या माणसांना एकमेकांच्या सुभेदारापुढे मान झुकवण्यापेक्षा बादशहापुढे झुकवणे सोपे होते.

हेतूविषयीचे पहिले औपचारिक उत्तर सरकारी वकिलाने दिले. २७ जानेवारी ते ९ मार्च १८५८ या काळात लाल किल्ल्यातील दिवाण-ए-खासमध्ये बादशहावर खटला चालला, आणि मेजर हॅरियटने असा सिद्धान्त मांडला की हा सारा प्रकार मुसलमानांचा दूरवर पसरलेला कट होता, ज्याची सूत्रे किल्ल्यातून हलत होती. बंड मुख्यतः ज्या पलटणींनी केले त्यांत उच्चवर्णीय हिंदूंचा भरणा होता, ही अडचण या सिद्धान्ताने पार केली नाही, तिला वळसा घातला. मूळ दिल्लीचे, पण उठावाच्या काळात बिजनौरला कंपनीच्या न्यायखात्यात असलेले सय्यद अहमद खान यांनी ‘असबाब-ए-बगावत-ए-हिंद’ या उर्दू पुस्तिकेत याच्या नेमके उलट लिहिले : कट वगैरे काही नव्हता, कायदे करणाऱ्या मंडळात देशी माणसाला जागा नसल्यामुळे राज्यकर्त्यांना प्रजेचे मन कळले नाही आणि प्रजेला राज्यकर्त्यांचे.

मराठीत या प्रश्नाची दोन टोके दोन पुस्तकांनी धरली आहेत. विनायक दामोदर सावरकरांनी लंडनमध्ये मराठीत लिहिलेल्या आणि १९०९ साली इंग्रजी भाषांतराच्या रूपाने गुप्तपणे प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात स्वधर्म व स्वराज्य ही उठावाची मूळ प्रेरणा मानली आणि काडतुसांना निमित्ताची जागा दिली. त्याआधी दोन वर्षे, १९०७ साली, चिंतामण विनायक वैद्य यांनी विष्णुभट गोडसे वरसईकर यांचा ‘माझा प्रवास’ छापला होता. दक्षिणा मिळवण्यासाठी उत्तरेकडे निघालेल्या या भटजींना महूजवळ शिपायांकडून कळले ते असे, की कलकत्त्याला राजेरजवाड्यांपुढे हिंदुस्थानचा धर्म बुडवणारी ८४ कलमांची यादी ठेवण्यात आली. अशी सभा झालीच नव्हती, हे सांगून ही नोंद निकालात काढता येत नाही; सावरकर उठावाचा अर्थ सांगतात, तर गोडसे शिपाई आपापसांत काय बोलत होते ते सांगतात, आणि हेतूच्या चौकशीत दुसरी साक्ष अधिक मोलाची आहे. १९५७ च्या शताब्दीत रमेशचंद्र मजुमदार यांनी या उठावाला राष्ट्रीय स्वातंत्र्ययुद्ध म्हणायला ठाम नकार दिला, तर सुरेंद्रनाथ सेन यांनी सरकारच्या सांगण्यावरून लिहिलेल्या ग्रंथात असा निष्कर्ष काढला की धर्मरक्षणासाठी सुरू झालेली लढाई संपताना स्वातंत्र्ययुद्ध बनलेली होती. सेन यांच्या वाक्यात एक गोष्ट मान्य केलेली आहे, जी खेळाच्या वादात कोणी फारशी मान्य करत नाही, ती म्हणजे हेतू वाटेत बदलतात.

ते कसे बदलतात हे पाहण्याची जागा नवी दिल्लीत जनपथावर आहे. राष्ट्रीय अभिलेखागारात ‘म्यूटिनी पेपर्स’ या नावाने ओळखले जाणारे दप्तर आहे. बंडखोरांच्या हाती दिल्ली होती त्या चार महिन्यांतले फारसी व उर्दू कागद, बरेचसे शिकस्ता म्हणजे मोडी-घसटीच्या शीघ्र लिपीत लिहिलेले, त्यात आहेत. त्यांची छापील यादी १९२१ सालीच झाली होती, पण विल्यम डॅलरिंपल यांचा ‘द लास्ट मुघल’ हा २००६ सालचा ग्रंथ आणि महमूद फारूकी यांनी २०१० साली केलेले ‘बिसीज्ड’ हे संकलन येईपर्यंत सामान्य वाचकाला त्यांची कल्पना नव्हती. घोषणा आणि शपथा शोधत जाणाऱ्याचा येथे हिरमोड होतो. कोतवाल, म्हणजे शहराचा पोलीसप्रमुख, आपल्या ठाणेदारांना मोर्च्यासाठी हमाल, गाड्या, भिश्ती आणि खाटा पाठवण्याचे हुकूम देतो आहे; माल उचलला पण पैसे दिले नाहीत अशी दुकानदारांची तक्रार आहे; घोड्यांना चंदी नाही, रोजचा भत्ता मिळाला नाही, असे शिपायांचे अर्ज आहेत; सावकारांकडून पैसा काढण्यासाठी शाहजाद्यांचे तगादे आहेत. ज्यांनी धर्मासाठी मालकाची नोकरी सोडली त्यांना दुसऱ्या आठवड्यात पीठ विकत घ्यावे लागले, आणि पगार मागितला म्हणून धर्माचे कारण खोटे ठरत नाही. उपाशी माणसाला तत्त्व नसते, असे ज्यांना वाटते त्यांनी हे अर्ज वाचावेत.

याच कागदांत एका ‘कोर्टा’ची घटना आहे. दहा सभासदांच्या या मंडळात पायदळ, घोडदळ व तोफखाना यांचे प्रत्येकी दोन आणि मुलकी बाजूचे चार, अशी रचना होती, आणि निर्णय बहुमताने व्हावयाचे होते. बादशहाच्या नावाने उठलेले शिपाई मतदानाने कारभार चालवू पाहतात, तेव्हा त्यांना जुनी सत्ता परत हवी होती हे विधान पुरे पडत नाही. जुलैच्या आरंभी बरेलीची फौज घेऊन आलेल्या बख्त खानाला सेनापतीपद मिळाले आणि शाहजादा मिर्झा मुघलशी त्याचे जमले नाही. १ ऑगस्टला बकरी ईद होती. टेकडीवरचे इंग्रज त्या दिवशी शहरात हिंदू-मुसलमानांची मारामारी जुंपण्याची वाट पाहत होते, आणि बादशहाने गोहत्येला देहान्ताची शिक्षा जाहीर करून तो डाव उधळला. धर्मावर घाला आला म्हणून उठलेल्यांनी आपल्या एका धार्मिक प्रथेला स्वतःहून मुरड घातली, हा त्या उन्हाळ्यातील सर्वांत वजनदार पुरावा म्हणावा लागेल. कोणत्याही जाहीरनाम्यापेक्षा त्यातून त्यांना काय टिकवायचे होते ते अधिक कळते. विंडहेल्मच्या सत्ताधाऱ्यांकडून अशा तडजोडीची एकही खूण मिळत नाही, आणि उल्फ्रिकविरुद्धचा खरा दावा गोपनीय टिपणावर नव्हे, तर यावर उभा राहतो.

२५ ऑगस्ट १८५७ चा, आझमगढचा म्हणून प्रसिद्ध असलेला जाहीरनामा मोगल शाहजादा फिरोजशहा याच्या नावावर मांडला जातो. त्यात जमीनदारांना जबर सारा व लिलाव, व्यापाऱ्यांना नीळ व कापडावरील मक्तेदारी, नोकरदारांना तुटपुंजे पगार, कारागिरांना विलायती मालाने बुडवलेला धंदा यांची आठवण दिलेली आहे आणि पंडित-फकिरांचा क्रमांक शेवटचा आहे. ही विनवणी आहे, कबुलीजबाब नव्हे. लिहिणाऱ्याला कोणाचे काय दुखते याचा अंदाज होता, एवढेच त्यातून नक्की म्हणता येते.

एनसीआरमधील छोट्या संस्थानिकांची कथा खेळातील यार्लांशी बरीच जुळते. व्हाइटरन शहराचा यार्ल बाल्ग्रूफ जमेल तितके दिवस कुंपणावर बसून राहतो. बल्लभगढचा राजा नाहर सिंह आणि झज्जरचा नवाब अब्दुर रहमान खान यांनीही किल्ला आणि इंग्रज या दोहोंशी पत्रव्यवहार चालू ठेवला होता. दिल्ली पडल्यावर किल्ल्यात सापडलेली त्यांचीच पत्रे खटल्यात पुढे आली. नवाबाला २३ डिसेंबर १८५७ रोजी आणि राजाला ९ जानेवारी १८५८ रोजी फाशी देण्यात आली. फरीदाबादकडे जाणाऱ्या मेट्रोचे शेवटचे स्थानक आज राजा नाहर सिंहाच्या नावाने ओळखले जाते. त्याने दोन्हीकडे पत्रे का लिहिली असतील याचा विचार स्मारकांना परवडत नाही, पण फौजा दाराशी असताना प्रजेला वाचवू पाहणाऱ्या लहान राजाला एकच हेतू ठेवण्याची चैन नसते, हेही खरे आहे.

दिल्ली आणि मेरठच्या मधल्या गुर्जर गावांविषयी मात्र दप्तर जवळजवळ मुके आहे. इंग्रजांच्या अहवालांत ते लुटारू आहेत आणि किल्ल्यातील कागदांतही रस्ते अडवणारे म्हणून त्यांच्याविरुद्ध तक्रारीच आहेत. एरिक स्टोक्स यांच्या ‘द पेझंट आर्म्ड’ या १९८६ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने साऱ्याचा बोजा, पाण्याची सोय आणि शेजारच्या जातींची स्थिती यांवरून शेजारशेजारची गावे वेगळी का वागली याचा शोध घेतला. रणजित गुहा यांनी १९८३ सालच्या निबंधात दाखवले की बंड दडपणाऱ्याच्या कागदावरून बंडखोराचे मन वाचताना दडपणाऱ्याचीच भाषा नकळत उचलली जाते. ही सूचना जनपथावरच्या दप्तरालाही लागू आहे, कारण खटल्याचा पुरावा म्हणूनच ते गोळा होऊन टिकले. म्हणजे उल्फ्रिकवरील टिपण आणि दिल्लीचे कागद यांची जपणूक दोन्हीकडे प्रतिपक्षाने केली, फरक इतकाच की दिल्लीच्या दप्तरात बंडखोरांची स्वतःची अक्षरेही येऊन पडली.

खेळ लिहिणाऱ्यांना याची जाणीव अजिबात नव्हती असे म्हणता येणार नाही. मार्कार्थ शहराच्या चांदीच्या खाणीत फॉर्स्वॉर्न जमातीचे कैदी राबतात. हे त्या प्रदेशाचे मूळ रहिवासी, ज्यांच्या हातून उल्फ्रिकनेच ते शहर हिसकावले होते आणि ज्यांचे बंड मुख्य युद्धाच्या वादात कोणी मोजत नाही. त्यांतला ब्रेग नावाचा एक कैदी, विचारले तर, आपल्या मुलीविषयी सांगतो : वडिलांऐवजी मला न्या म्हणून तिने विनवले, आणि तिचा शिरच्छेद त्याला पाहायला लावला. त्याच्या बोलण्यात टालोस नाही, सिंहासन नाही, करार नाही. मुख्य युद्धातील संवादांत स्टॉर्मक्लोक शिपायाला असा प्रश्न विचारण्याची सोय फारशी ठेवलेली नाही, आणि २००७ साली ‘एज ऑफ एम्पायर्स ३ : द एशियन डायनॅस्टीज’ या खेळात १८५७ चा उठाव आला तेव्हाही नानिब साहिर या एका काल्पनिक नायकाच्या मनःपरिवर्तनातच साऱ्या पलटणींचे कारण उरकले गेले. गुरुग्राममध्ये २००४ पासून चालणाऱ्या लक्ष्य डिजिटलसारख्या संस्था परदेशी खेळांसाठी चित्रकाम करतात, त्यामुळे दिल्लीचे मोर्चे, काश्मिरी दरवाजा आणि नावांचा पूल पडद्यावर उभे करण्याचे कसब या प्रदेशात पुरेपूर आहे. त्या पुलावरून आलेल्या स्वाराला भत्ता कोणी द्यायचा, हा प्रश्न खेळाच्या नियमांत बसवणारा लेखक मात्र अभिलेखागाराच्या वाचनगृहातूनच यावा लागेल.